माझ्या हातात काय होतं

१६ जून, सोमवार

डायरी लिहिणाऱ्यांना मी आजवर हसत आले. आज स्वतःच बसले आहे, तर कारण सांगून टाकते. गेल्या आठवड्यात इथे कन्नड मुलखात, महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसच्या गेटवर, मी एका माणसाच्या कानाखाली वाजवली. त्याने गाडी आडवी घातली, मी काच खाली करून बोलले, तर तो हसला. मग आवाज झाला. गेटवरच्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं आणि एचआरने पर्याय दिले: राजीनामा किंवा समुपदेशक.

समुपदेशक म्हणजे शिवलीला मॅडम, बेळगावकडच्या. मला वाटलं, श्वास घ्या, श्वास सोडा असलं काही शिकवतील. त्यांनी थेट ग्रीसला नेलं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी अथेन्समध्ये काही माणसं एका ओसरीवर जमून चांगलं जगायचं कसं यावर बोलायची. ओसरीला त्यांच्यात स्टोआ म्हणत, म्हणून ती माणसं स्टोइक. मी त्यांचं नाव ओसरीवाले ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं असं की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. ट्रॅफिक, बॉस, सासू, दुसऱ्याचं तोंड हे हातात नाही. आपण काय समजायचं आणि काय करायचं हे हातात आहे. ते लोक म्हणे रोज संध्याकाळी दिवसाची उजळणी करायचे.

"बघा ओ, तुम्ही पण तसंच लिहून काढा की," मॅडम म्हणाल्या. "आज काय झालं, आणि त्यात तुमच्या हातात काय होतं. खोटं लिहू नका म्हणजे झालं. कोण वाचणार हाय?"

घरी येऊन श्रीरंगला सांगितलं. श्रीरंग म्हणजे माझा नवरा. आवाज चढवणं हे चपला घालून देवघरात जाण्यासारखं मानणाऱ्या पुण्याच्या घरातला. त्याला आनंद झाला. "सुखदा, हे फार छान आहे. खरंच नीट कर हं," असं त्याने पुन्हा पुन्हा म्हटलं. एवढं खूश होण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आवडलंही नाही.

१९ जून

आज रिंग रोडवर एक टँकर माझ्या आरशाला घासून गेला. मी हॉर्न वाजवला नाही, काच खाली केली नाही, त्याच्या मातोश्रींची चौकशी केली नाही. टँकर माझ्या हातात नाही, असं मोठ्याने म्हणत बेळ्ळंदूरपर्यंत आले. पैकीच्या पैकी गुण.

घरी आमटी लागलेली. श्रीरंगची मीटिंग चालू होती, कानात हेडफोन, नाकाला वास नाही. मी एवढी दिवसभर स्वतःला आवरून आलेली आणि याला एक गॅस बंद करता येत नाही! पातेलं ओट्यावरून उडालं आणि त्याचा हात भाजला. मी लगेच बर्फ आणला, मलम लावलं, स्वतःच्या हाताने भरवलं. तो म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे." मीटिंगमधल्या लोकांना त्याने सांगितलं की मांजर शिरलं होतं.

उजळणी: टँकरचं उत्तम. आमटीकडे त्याने बघायला हवं होतं.

२६ जून

मॅडमनी विचारलं, "घरी कसं हाय?" म्हटलं, घरी काही प्रश्नच नाही, नवरा देवमाणूस आहे. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

खरंच, ज्या माणसाच्या शोधात ओसरीवाले म्हातारे झाले तो माझ्या घरात आयता बसला आहे. काहीही झालं तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. काल त्याचा निळा मग फुटला, भिंतीवर. त्याने केरसुणी आणली आणि म्हणाला, "चप्पल घाल, काच लागेल तुला." मी माझ्या रागाशी झुंजून अर्धमेली होते आणि याला जन्मतःच सगळं जमतं! तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा तरी ओरड, म्हणून मी त्याला दंडाला धरून हलवलं. भिंत मागेच होती. डोकं आपटल्याचा आवाज आला तेव्हासुद्धा तो म्हणाला, "झालं का? आता पाणी पी."

पाणी प्यायले. नंतर त्याच्या डोक्याला टेंगूळ आलं ते मी शेकून दिलं. आमच्याकडे भांडण शिळं राहत नाही, ही चांगली गोष्ट आहे.

३ जुलै

सासूबाईंचा पुण्याहून फोन. मी त्यांना स्टोइकांबद्दल सांगायला गेले, हात दाखवून अवलक्षण.

"काय म्हणालीस? सोशिक?"

"सोशिक नाही हो आई, स्टोइक."

"तेच ते. सोशिकच की! अगं, आमचा श्रीरंग पहिल्यापासून सोशिक. लहानपणी पायात खिळा घुसला तरी रडला नाही."

सोशिक हा शब्द मी माहेरी नागपुरात आजीकडून, मावशीकडून, शेजारणींकडून ऐकलेला. तो सुनांसाठी राखून ठेवलेला शब्द आहे. अमकीची सून हो, फार सोशिक. म्हणजे तिच्या पाठीवर काय आहे ते विचारू नका. तो शब्द माझ्या नवऱ्याला लावण्याचं कारण काय? मग मी काय आहे? कोणाचं काय सोसतोय तो?

हेच मी श्रीरंगला विचारलं. तो म्हणाला, "आईचं काय मनावर घेतेस." पण म्हणायच्या आधी थांबला. ते थांबणं मी ओळखलं. त्यावरून बरंच झालं. आरडाओरडा नेहमीप्रमाणे माझा एकटीचा, सगळ्या मजल्यावर ऐकू जाईल असा. 

हल्ली तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो. ऑफिसात एसी फार असतो म्हणे.

११ जुलै

आज हसू आलं म्हणून लिहिते. लिफ्टमध्ये शेजारच्या धनलक्ष्मीअक्का भेटल्या. पन्नाशीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, भावाबद्दल फार बोलतात. भाऊ मंजुनाथ येलहंक्याला जिम चालवतो. आमचं संभाषण म्हणजे माझं मोडकं कन्नड आणि त्यांचं मोडकं हिंदी. आज लिफ्टचं दार बंद झाल्यावर त्यांनी आमच्या फ्लॅटच्या दिशेने मान केली आणि हळूच विचारलं, "सार... होडीतारा?"

सार म्हणजे साहेब, आमचा श्रीरंग. आणि होडी तारा! अर्धं मराठीच की! मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी भरलं तेव्हा अग्निशमनवाल्यांची होडी आली होती, आणि श्रीरंगने म्हाताऱ्या माणसांना धरून धरून तिच्यात चढवलं होतं. बाई त्याचीच आठवण काढताहेत, होडीने तारलं ना, असं. मी खूश होऊन म्हटलं, "हां हां अक्का, होडी! पिछली बारिश में. रोज. उधर गेट पे, सब के सामने!"

"रोज?" अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आप कुछ नहीं बोला?"

"क्या बोलना? अब आदत हो गई."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "हेदरबेडी. नानु इद्दीनी." घाबरू नका, मी आहे, एवढं कळलं. पुराचा इतका धसका घेतलेली बाई मी पाहिली नव्हती. सरी, सरी, म्हणजे बरं बरं, म्हटलं आणि उतरले.

१५ जुलै

लिहायचं नव्हतं. पण खोटं लिहू नका, असं मॅडम म्हणाल्या आहेत. न लिहिणं म्हणजे खोटं का?

मी पोळ्या करत होते. श्रीरंग दारात उभा राहून म्हणाला, "सुखदा, मी थोडे दिवस पुण्याला जाऊन येऊ का? तिकडून काम करता येईल." किती हळू आवाजात म्हणाला! जसं काही घरात कोणी झोपलंय. मी विचारलं, का? तो म्हणाला, सहजच. मी म्हटलं, सहज कोणी बायकोला टाकून जात नाही. तो म्हणाला, "टाकून नाही गं." आणि एक पाऊल मागे सरकला. ते पाऊल मला सहन झालं नाही. मी काय वाघ आहे?

आज माझ्या हातात काय होतं? लाटणं.

भुवईवर लागलं. रक्त डोळ्यात उतरलं. मीच किंचाळले, रक्त बघून. त्याने पोळपाटावरचं फडकं घेऊन भुवईला दाबलं, गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्या पायाशी बसून रडले. देवाशप्पथ, मनापासून रडले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आधी हात हवेत थांबला, मग ठेवला. असा नवरा मिळायला पुण्याई लागते.

पुण्याला जायचं त्याने पुन्हा काढलं नाही. बरं झालं, विषय मिटला.

२२ जुलै

चंपा आमच्याकडे आणि अक्कांकडे, दोन्ही घरी काम करते. निपाणीची आहे, मराठी बोलते. आज भांडी घासता घासता म्हणाली, "ताई, एक इचारू काय? सायेब मारत्यात तुम्हाला?"

मी उडालेच. "कोण म्हणतं?"

"अक्का म्हणत्यात. तुम्हीच सांगितलासा म्हनं, लिफ्टात. रोज होडीतारे म्हनून."

"होडी? अगं ती होडी! पाण्यातली!"

चंपाने घासणी खाली ठेवली. "होडी म्हंजे मार की ओ, कन्नडात. होडीतारा म्हंजे मारत्यात काय."

मी इतकी हसले की ओट्याला धरून बसावं लागलं. चंपा हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी त्यास्नी काय बोलले न्हाई. फडक्यावरचं रगात मीच धुतलं न्हवं का." आणि नळ मोठा सोडला.

उद्या अक्कांना सांगायचं.

२५ जुलै

सांगितलं नाही. दोन दिवस त्या घरी नव्हत्या. आज होत्या, पायसाचा डबा घेऊन आल्या होत्या, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, खाऊन घे आधी. माझी आई गेल्यापासून असं कोणी म्हटलं नव्हतं.  मला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि मी गप्प बसले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण मी बोंब मारलीच कुठे? मी फक्त पायस खाल्लं.

मजल्यावरच्या बायका आता मला जागा करून देतात. श्रीरंग लिफ्टमध्ये असला की त्या बाहेरच थांबतात, पुढच्या खेपेला येऊ म्हणतात. त्याच्या भुवईवरचे टाके त्यांना दिसतात, आणि त्या असं धरून चालल्या आहेत की बिचारीने एकदा तरी प्रतिकार केला. त्याने मला विचारलं, "लोक माझ्याशी असे का वागताहेत, माहितेय तुला?" मी म्हटलं, लोक काय समजतात ते आपल्या हातात नसतं. ओसरीवाल्यांचंच वाक्य. तो मान हलवून चहा करायला गेला.

वाक्य खरं आहे. पण मला ते लिहितानासुद्धा लाज वाटली, हेही खरं आहे. रविवारी नक्की सांगते.

२७ जुलै, रविवार

 जमेल तसं लिहिते.

भाजी घेऊन आम्ही तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरलो. अक्कांचा भाऊ मंजुनाथ तिथे उभा होता, बरोबर दोघे जण. त्याने श्रीरंगला विचारलं, "नीवु श्रीरंग?" श्रीरंगने हो म्हटलं आणि पिशवी खाली ठेवली, त्याला वाटलं काही मदत हवी आहे. पहिली थप्पड बसली तेव्हा चष्मा थेट पलीकडच्या गाडीखाली गेला. "हेंगसर मेले कै माडतिया?" मंजुनाथ ओरडत होता. बायकांवर हात टाकतोस? कै म्हणजे हात, हे मला येतं. मग बुक्की पोटात. तो वाकला तशी दोघांनी त्याचे हात मागे धरले आणि मंजुनाथने त्याच्या तोंडावर, बरगड्यांवर, पुन्हा तोंडावर. ओली पोती आपटावी तसे आवाज. तो पडल्यावर लाथा. टोमॅटो त्यांच्या बुटांखाली चिरडत होते आणि त्यातलं लाल कोणतं कशाचं ते कळत नव्हतं.

श्रीरंग ओरडला नाही. त्याने डोकं हातांनी झाकलं आणि गुडघे पोटाशी घेतले, झटकन, सवयीने. त्याला ती सवय कुठून लागली ते मला त्या क्षणी समजलं. लिहिल्याशिवाय सुटका नाही म्हणून लिहिते.

मी "बिडी, बिडी अण्णा!" म्हणून ओरडले. सोडा, सोडा. मंजुनाथने माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं! मार खाऊनही नवऱ्यासाठी रडणारी बायको. त्या दयेने त्याला जास्तच चेव आला आणि त्याने आणखी दोन लाथा घातल्या. श्रीरंगने हातांच्या फटीतून माझ्याकडे बघितलं. मी एक वाक्य बोलले असते तर थांबलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर बाजूला उभा राहून गळा काढत होता. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते गिळलं. कोणी माझे हात धरले नव्हते, कोणी तोंड दाबलं नव्हतं.

सिक्युरिटीचा माणूस धावत आला तेव्हा थांबलं. श्रीरंगच्या बरगड्या मोडल्या आहेत. डाव्या कानाने ऐकू येत नाही.

२८ जुलै

हॉस्पिटलच्या बाकावर.

सकाळी डॉक्टरांनी त्याची बाही कापली. दंडावर पिवळे-हिरवे डाग, मनगटावर आमटीने भाजल्याचा डाग. "ये कल का नहीं है," डॉक्टर म्हणाले. श्रीरंगने छताकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे.

बाहेर पोलीस जबाब घ्यायला आला होता. मंजुनाथला ठाण्यात बसवलं आहे. अक्का माझ्या शेजारी, माझा हात हातात. त्या पोलिसाला कन्नडमध्ये सांगत होत्या की माझ्या भावाने चूक केली, पण का केली ते या पोरीला विचारा. पोलिसाने मला विचारलं. मला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब कन्नड वाक्य जुळवायचं होतं.

"सार होडीयल्ला," मी म्हटलं. "नानु. नानु होडीतीनी."

अक्कांनी मायेने माझा हात थोपटला. "इल्ला अम्मा. 'नानु' अल्ला. 'अवरु'. अवरु होडीतारे." आणि पोलिसाला म्हणाल्या की पोरगी घाबरली आहे, कन्नड तिला येत नाही, मी मारते म्हणतेय, तो मारतो म्हणायचंय तिला.

मी पुन्हा म्हटलं, नानु. त्यांनी पुन्हा दुरुस्त केलं. मग मी उभी राहिले आणि हिंदीत ओरडले, सगळा कॉरिडॉर बघायला लागला. "मैं मारती हूँ! इन्होंने कभी हाथ नहीं उठाया! मैंने जलाया, मैंने लाटण्याने मारा, मैं रोज मारती हूँ!"

अक्कांनी माझा हात सोडला. एकेक बोट काढून घेतलं. नंतर भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या, बहुतेक भावासाठी. पोलिसाने सगळं लिहून घेतलं आणि मला कुठे जाऊ नका म्हणून सांगितलं.

मला हलकं वाटलं. लपवत नाही, खरंच हलकं वाटलं. इतके दिवस हातात काय, हातात काय म्हणून घोकत होते आणि आज पहिल्यांदा हातातली गोष्ट केली होती. ती श्रीरंगला कधी सांगते असं झालं. मी जवळजवळ पळतच आत गेले. सिस्टर त्याचं सलाईन बदलत होती. मी त्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हटलं, "मी सांगितलं, श्री. सगळ्यांसमोर सांगितलं. आता सगळं नीट होईल. मी बदलतेय रे."

त्याने ऐकलं. सिस्टर ट्रे उचलून निघाली तसा त्याने तिच्या कोटाचं टोक पकडलं. सुजलेल्या ओठांनी, पण स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून बोलला. एवढ्या वर्षांत त्याला कोणाकडे काही मागताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"सिस्टर, आप मत जाइए. मुझे इनके साथ अकेला मत छोडिए."

सिस्टरने ट्रे खाली ठेवला आणि माझ्या व पलंगाच्या मध्ये येऊन उभी राहिली.  मी बाहेर आले. थोड्या वेळाने दाराच्या काचेतून आत पाहिलं. सिस्टर अजून तिथेच होती आणि त्याला झोप लागली होती.